अंगणातून निघालेली शाळा

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा निरोप घेऊन चिटणीसबाई आल्या तेव्हा मी खळ्यात बसून आमसुले उलटीपालटी करीत होते. काय लिहावे हा प्रश्न होताच. पण नुकत्याच झालेल्या सभेत निघालेला एक विषय काही केल्या मनातून जात नव्हता. मंडळाच्या खोलीत रोज संध्याकाळी पाच ते सात या वेळात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शिकवणीचा वर्ग काढावा, अशी सूचना काही तरुण मातांनी केली आहे. तिचा निर्णय पुढील सभेत व्हावयाचा आहे. सूचना तळमळीने केलेली आहे, यात शंका नाही. तरीही पाच ते सात ही वेळ ऐकून माझ्या काळजात चर्र झाले. त्या वेळी आपल्या जेटीवर होड्या लागतात, खाडीवरून वारा सुटतो आणि तटाखालच्या वाळूत मुले जमतात. ती वेळ मुलांची आहे. ती मागण्यापूर्वी, मुलांना खेळू द्यावे हा विचार आपल्याकडे कोणी आणि कसा आणला, याची थोडी हकीकत भगिनींना सांगावी असे वाटले. ही हकीकत बहुतांशी बायकांनीच घडविलेली आहे आणि ती आपल्याच किनाऱ्यावर, फक्त त्याच्या दुसऱ्या टोकाला, घडली आहे.

पूर्वीच्या काळी लहान मुलांच्या खेळाकडे कोणी शिक्षण म्हणून पाहत नसे. पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरे गिरवणे आणि परवचा घोकणे म्हणजे शिक्षण; खेळ म्हणजे त्यातून सुटका. युरोपातही फारसे निराळे नव्हते. जर्मनीतील फ्रोबेल या गृहस्थांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि पुढे तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. खेळ हे बालपणीचे सर्वांत मोठे आणि गंभीर काम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर सत्तर वर्षांनी, ६ जानेवारी १९०७ रोजी, रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया मोंटेसोरी या डॉक्टर बाईंनी मजुरांच्या मुलांसाठी 'बालगृह' उघडले. आईबाप कामावर गेले की ही मुले जिन्यांवर धुडगूस घालीत, भिंती खराब करीत. म्हणून त्यांना कोठेतरी सांभाळावे, एवढाच वस्तीच्या मालकांचा हेतू होता. मोंटेसोरीबाईंनी मुलांना निवडीची मोकळीक दिली आणि स्वतः बाजूला बसून पाहिले. ज्या मुलांना लोक दांडगट म्हणत, ती एकेका वस्तूपाशी तासन्‌तास रमलेली दिसली. मूल स्वतः निवडते तेव्हा त्याचे चित्त लागते, ही गोष्ट त्यांनी जगाला दाखवून दिली.

हा विचार आपल्या बाजूला आला तो गुजरातच्या वाटेने. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. गिजुभाई मूळचे वकील. घरात मुलगा जन्मला, त्याला कसे वाढवावे या विचारात पडले आणि अखेर वकिली सोडून मुलांचेच झाले. गुजरातेत त्यांना लोक कौतुकाने 'मिशाळ आई' म्हणत. पुरुषाला लाभलेली याहून मोठी पदवी मला तरी ठाऊक नाही. मुलाला मारू नये, भीती घालू नये, त्याला गोष्टी सांगाव्या, गाणी म्हणू द्यावी, हाताने करू द्यावे, असे ते सांगत. त्या काळी हे ऐकून पुष्कळ पालक हसत. मुले बिघडतील म्हणून घाबरतही.

याच बालमंदिरात १९२३ साली एक मराठी बाई येऊन दाखल झाल्या. त्या ताराबाई मोडक. जन्म मुंबईचा, १८९२ चा. माहेरच्या केळकर. वडील प्रार्थना समाजातले, त्यामुळे घरात मुलींच्या शिक्षणाला अडसर नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. संसार मात्र सुखाचा झाला नाही. पुढे राजकोटला मुलींच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. मानाची जागा होती ती. ती सोडून त्या भावनगरला तीन-चार वर्षांच्या मुलांत जाऊन बसल्या. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी मराठीत 'शिक्षणपत्रिका' चालविली आणि १९३६ साली मुंबईस दादरला शिशुविहार उभा केला. गिजुभाई १९३९ साली निवर्तले. त्याच वर्षी मोंटेसोरीबाई स्वतः हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे अनेक वर्षे येथेच राहून त्यांनी शिक्षिका तयार केल्या.

येथवरची गोष्ट मात्र शहराची आणि सुखवस्तू घरांची होती. मोंटेसोरीची साधने महाग, शिक्षिका पगारदार, मुले नीटनेटक्या कपड्यांतली. खेड्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना छळू लागला. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. आपला विजयदुर्ग कोकणपट्टीच्या दक्षिणेकडे, बोर्डी अगदी उत्तरेकडे. मधे किती खाड्या आणि किती किल्ले! पण वाळू तीच, माड तेच आणि समुद्रावर जाणाऱ्या बापांची मुलेही तीच.

बोर्डीला त्यांच्याबरोबर अनुताई वाघ गेल्या. या बाईंची हकीकत आपल्या प्रत्येकीने वाचावी अशी आहे. जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. खेळण्याचे वय तेथेच संपले. त्या काळी पुष्कळ मुलींचे असेच होई. दहा-बारा वर्षांची नवी सून मंगळागौरीच्या रात्री फुगडी-झिम्मा खेळे, ते खेळ नव्हेत, तर तिच्या हिरावून घेतलेल्या बालपणाची ती उरलीसुरली रात्र असे, असे मला अनेकदा वाटते. अनुताईंना तेही मिळाले नाही. त्या हिमतीने शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यास नोकरी करता करता रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि पुण्याची बांधलेली नोकरी सोडून त्या बोर्डीस गेल्या. बी.ए.ची पदवी त्यांनी पन्नाशी उलटल्यावर, १९६१ साली मिळविली. जिचे स्वतःचे बालपण तेराव्या वर्षी मिटले, तिने उरलेले सारे आयुष्य परक्यांच्या मुलांना बालपण मिळवून देण्यात घालविले.

बोर्डीला बालवाडी उघडली खरी, पण मुले येईनात. ज्यांच्यासाठी ती काढली, ती दलित वस्तीतील मुले तर मुळीच येईनात. त्या वस्तीला तेव्हा हरिजनवाडा म्हणत. आया कामावर जात, मुलांना आणून सोडायला कोणी नसे. शिवाय गावातल्या मुलांशेजारी आपले पोर बसवावयाचे धाडस कोण करणार? तेव्हा ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने मुलाकडे जावे. त्या आणि अनुताई वस्तीतच जाऊन एखाद्या घरापुढच्या अंगणात बसू लागल्या. मुलांना न्हाऊ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले आले, बिया आल्या, पाने, खडे, माती आली. लहानमोठे लावणे, रंग ओळखणे, मोजणे, ओवणे हे सगळे त्यातच साधे. अंगणात भरते म्हणून ती 'अंगणवाडी'. आज शासनाच्या कागदोपत्री आणि दिल्लीपर्यंत चालणारा हा शब्द अशा रीतीने आपल्या किनाऱ्यावरच्या एका अंगणात जन्मला.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे आदिवासींचे पाडे. अडचण येथेही होती, पण तिचे रूप वेगळे होते. वारली घरातले सहा-सात वर्षांचे पोर गुरांमागे जाई आणि आठ वर्षांची पोरगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळी. ही मुले शाळेला नाखूश होती असे नव्हे. त्यांना वेळच नव्हता. तेव्हा गुरे जेथे चरत तेथे, कुरणातच शाळा भरू लागली. तिचे नाव 'कुरणशाळा'. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच जागी आणली. तिचे नाव 'विकासवाडी'. धाकटे पाळणाघरात निजले की थोरलीची कड मोकळी होई. ती शिकू लागे आणि, हे मला फार महत्त्वाचे वाटते, ती खेळूही लागे.

भगिनींनो, येथे क्षणभर थांबावे. कोसबाडच्या मुलीचा वेळ कोणी घेतला होता? गरिबीने. तिच्या आईचा त्यात काय दोष! आज आपल्या गावातल्या चार वर्षांच्या मुलीचा वेळ कोण मागत आहे? आपणच, तिच्या भल्याच्या नावाने. एकीच्या कडेवर भावंड होते, दुसरीच्या पाठीवर दप्तर आहे. दोन्हीकडे मोठ्यांच्या गरजेचे किंवा भीतीचे ओझे लहानाच्या अंगावर आले, एवढे मात्र सारखेच. ताराबाई-अनुताईंनी जे केले त्याचे मर्म केवळ गाणी-गोष्टींत नव्हते. त्यांनी मुलाचा वेळ मुलाला परत मिळवून दिला.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव दिले. आरंभ ३३ प्रकल्पांनी झाला. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. १९९२ साली त्यांचेही निधन झाले. एका अंगणापासून चौदा लाखांपर्यंत! पण नाव पसरले तसा त्यामागचा विचार पसरला का? याच काळात शहरांतून अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती सुरू झाल्या. आईचे बोट धरलेल्या पोराला रंगांची इंग्रजी नावे विचारायची आणि चुकला तर प्रवेश नाकारायचा. मग मुलाखतीसाठी शिकवणी, आणि शिकवणीसाठी खेळाच्या वेळेवर कात्री.

याविरुद्ध आवाज उठला नाही असे नव्हे. १९८९ साली प्रसिद्ध कादंबरीकार आर. के. नारायण यांनी राज्यसभेत भाषण केले, ते मुलांच्या दप्तराच्या ओझ्याविषयी होते. पुढे भारत सरकारने शास्त्रज्ञ यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९९३ साली आला. समितीने सांगितले ते असे की दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या गोष्टींचे ओझे जास्त जड असते. लहान वयात लेखन-वाचन-गणिताचा औपचारिक मारा करू नये आणि बालवर्गाच्या प्रवेशासाठी परीक्षा-मुलाखती बंद कराव्या, असेही तिने स्पष्ट सुचविले. त्याआधी २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार संमत केला होता. त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क मानला आहे. भारताने तो १९९२ साली मान्य केला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेण्यास बंदी केली. पण त्या कायद्याने दिलेला शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. तीन ते सहाची मुले त्या हक्काच्या उंबरठ्याबाहेरच राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय एकत्र धरून त्या वयात खेळातून शिक्षण द्यावे असे म्हटले. बोर्डीच्या अंगणात १९४५ साली जे चालू झाले, ते राष्ट्राच्या धोरणात यावयास अशी पाऊणशे वर्षे लागली. कागदावर आले, घरात यावयाचे राहिले आहे.

आता थोडे स्वतःचे. माझा थोरला मुलगा चार वर्षांचा असतानाची गोष्ट. मला त्याला गावात सर्वांत आधी वाचता यावे अशी हौस. रोज संध्याकाळी त्याला खिडकीशी पाटी घेऊन बसवीत असे. एके दिवशी किनाऱ्यावर रापण ओढायची होती. सगळी वाडी धावली. दोराला हात लावायला पोरेही गेली. हा रडू लागला. मी म्हटले, पाढा पुरा कर आणि मग जा. पाढा पुरा झाला तोवर रापण ओढून मासळीचे वाटे पडले होते. ही गोष्ट मी विसरूनही गेले होते. मुलगा शिकला, मुंबईला नोकरीला लागला, सगळे चांगले झाले. मागल्या गणपतीत त्याची मुलगी खिडकीशी बसून अभ्यास करीत होती, तो तिला म्हणाला, "ऊठ, जा खेळायला." आणि माझ्याकडे वळून सहज म्हणाला, "आई, तो पाढा कोणता होता ते आठवत नाही गो, पण ह्या खिडकीचे गज अजून आठवतात." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला अधिक लागले.

त्या दिवशी रापणीवर त्याने काय गमावले, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. दोर किती माणसांनी ओढला की जाळे हलते. भरती कधी आणि ओहोटी कधी. बांगडा कोणता आणि तारली कोणती. वाटे कसे घालतात आणि म्हाताऱ्या विधवेचा वाटा कसा राखतात. मोजणी, निसर्ग, नागरिकशास्त्र, सगळे त्या एका संध्याकाळी वाळूत मांडलेले होते. आपल्या किल्ल्याच्या आश्रयाने ज्यांनी गलबते बांधली आणि हाकारली, त्या सुतारांची आणि तांडेलांची पोरे वारा ओळखायला काही पाटीवर शिकली नसतील.

आपली मुले खेळतात ते खेळ तरी पाहा. काजूच्या बिया मांडून नेम धरणारे पोर अंतर मापते, जिंकलेल्या बिया मोजते आणि हरल्यावर रडे आवरते. लगोरी रचताना थोरली चिपट खाली, धाकटी वर, हे त्याला कोणी शिकवीत नाही. सागरगोटे झेलणाऱ्या मुलीची बोटे पुढे लेखणी धरायला आपोआप तयार होतात. जत्रेत दशावतार पाहून आलेली मुले दुसऱ्या दिवशी खळ्यात माडाच्या झावळीची तलवार करतात, एक संकासुर होतो, एक देव होतो, आणि कोणी लिहून न दिलेले संवाद घडाघड बोलतात. भाषा वाढावयास याहून चांगला वर्ग कोठला? आणि भांडण झाले तर 'तू आधी, मग मी' असा न्याय त्यांचा तेच करतात. शिकवणीच्या खोलीत भांडण बाई मिटवतात. त्यामुळे ते मिटवायला मुले शिकत नाहीत.

तरुण मातांचे म्हणणे मी उडवून लावीत नाही. आपल्याकडे आंबा आणि मासळी सोडली तर कमाई किती, हे मी कोणाला सांगू? घरटी एक तरी चाकरमानी आहे. मुंबईची वाट परीक्षेतून जाते, ती चुकली तर पोराचे कसे होणार, ही भीती खरी आहे. पण परीक्षेला अजून दहा-बारा वर्षे आहेत. रोपाला लवकर आंबा धरावा म्हणून त्याच्या बुडाशी दुप्पट खत कोणी घालीत नाही. देवगडच्या बागाईतदाराला हे सांगावे लागत नाही. दुसरे म्हणणे असे की, मुलांना मोकळे सोडले तर ती मोबाईल घेऊन बसतात. हेही खरे. पण मोबाईल हातात येतो तो बहुधा खळे सुने असते म्हणून. बरोबरीची चार पोरे शिकवणीला गेली की पाचव्याने खेळावे कोणाशी? तिसरी काळजी समुद्राची आणि रस्त्यावरच्या गाड्यांची. ती रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय आपल्या हातात आहे.

आणि खेळू देणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. ताराबाई काय नि अनुताई काय, मुलांना सोडून घरी गेल्या नाहीत. त्या तेथेच बसल्या, पाहत राहिल्या, लागेल तेथे हात दिला आणि नको तेथे मागे घेतला. हे शिकवण्याहून अवघड काम आहे.

म्हणून माझी मंडळाला नम्र सूचना अशी. मंडळाची खोली पाच ते सात उघडी असावी, पण शिकवणीसाठी नव्हे. आपल्यापैकी दोघी-दोघींनी पाळीने एकेक संध्याकाळ घ्यावी. पाऊस असेल तर मुले खोलीत, नसेल तर पुढच्या खळ्यात. करवंट्या, शिंपले, गोणपाट, जुन्या साड्या, माती आणि पाणी एवढे सामान पुष्कळ झाले. कोणी आजी गोष्ट सांगील. कोणाला गाणे येत असेल ती गाईल. पाढे कोणी विचारू नयेत. आणि मुलींना विशेष करून बोलावून आणावे; कारण अजूनही संध्याकाळी घागर, केर आणि धाकटे भावंड यांची आठवण घराला मुलीकडे पाहूनच होते. आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तरी मी माझी पाळी आनंदाने घेईन. मला चालवत नाही, पण बसून पाहता येते.

अंगणाला आपण खळे म्हणतो. भात झोडायचे, कोकम वाळत घालायचे, फुगड्या घालायच्या आणि पोरांनी लोळायचे, सगळे याच खळ्यात. त्या एका अंगणाच्या नावाने देशभर चौदा लाख पाट्या लागल्या आहेत. आपल्या दारचे अंगण तेवढे मुलांसाठी मोकळे ठेवू या. पुढील सभेला सर्वजणींनी जरूर यावे आणि आपले मत मांडावे. संध्याकाळी यायचे झाल्यास मुलांनाही बरोबर आणावे. ती बाहेर खेळतील.